सल्ला हवा: रग्बी लीग बघायला सुरुवात कुठून करू?

पाषाणकर
मंडळी, नोकरीपायी चार महिन्यांपूर्वी ब्रिस्बेनला आलो. क्रिकेट आणि शाळेतली कबड्डी, यापलीकडे माझी मजल नाही. इथे सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं की फूटी, म्हणजे रग्बीच्या गप्पा, सुरू. परवा मीही तोंड घातलं, 'लाइनआउट' वगैरे शब्द टाकले. समोरचा हसून म्हणाला, अरे ते रग्बी युनियनमध्ये, आम्ही रग्बी लीगबद्दल बोलतोय, तो वेगळा खेळ. पुढे गपचूप डबा खाल्ला.
तर नियमही कळतील आणि अंगावर काटाही येईल असे मोजके सामने सुचवा. मुलं झोपल्यावर तासभर मिळतो, त्यात बसायला हवं.

बांधावरून
आधी नियम, झटपट. तेरा-तेरा गडी. हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही. कबड्डीत पकड झाली की गडी बाद. इथे पकडलेला गडी उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि डाव पुढे चालू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. म्हणून पाचवीनंतर बहुतेक वेळा किक मारतात. चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवला की ट्राय, त्याचे ४ गुण, त्यावरची किक खांबांमधून गेली की २, खेळता खेळता तशीच मारलेल्या फील्ड गोलचा सहसा १. ट्राय जिथे टेकवला त्याच्याच सरळ रेषेत मागे जाऊन किक मारावी लागते. कोपऱ्यात टेकवला तर भोगा.

टाऊन्सव्हिलची माई
पहिला सामना २०१५ची ग्रँड फायनल, म्हणजे इथल्या क्लब स्पर्धेचा अंतिम सामना, दुसरं काही बघूच नका. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज विरुद्ध आमचे नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज. आम्ही तोवर एकदाही जिंकलो नव्हतो.
वेळ कमी असेल तर शेवटची दहा मिनिटं बघा. ब्रॉन्कोज १६-१२ने पुढे. घड्याळ संपत आलेलं. चेंडू उजवीकडे मायकल मॉर्गनकडे येतो, तो दोघांच्या तावडीत सापडतो आणि पडता पडता हात सोडवून काइल फेल्टला देतो. फेल्ट कोपऱ्यात टेकवतो. १६-१६. आता जॉनाथन थर्स्टन, डोक्याला ते मऊ शिरस्त्राण, थेट कडेच्या रेषेवरून किक घेतो. चेंडू छान वळत येतो आणि खण्णकन खांबावर आदळतो. माझ्या हातातला कप तसाच राहिला होता.
मग गोल्डन पॉइंट, म्हणजे जो आधी गुण करेल तो जिंकला. आणि पहिल्याच किकला ब्रॉन्कोजच्या बेन हंटच्या हातून चेंडू निसटला. थोड्याच वेळात थर्स्टनचा फील्ड गोल, १७-१६.

बांधावरून
+१. पण ब्रिस्बेनला राहून स्टेट ऑफ ओरिजिन सोडू नका हो. सिडनीच्या श्रीमंत क्लबांनी आपल्या क्वीन्सलँडची पोरं उचलायची आणि तीच मग न्यू साउथ वेल्सकडून घरच्यांना झोडपायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. १९८०मध्ये ठरलं, ज्याने त्याने आपल्या मूळ राज्याकडून खेळायचं. ८ जुलैला ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर ३५ वर्षांचा आर्थर बीटसन क्वीन्सलँडचा कप्तान, क्वीन्सलँड २०-१०ने जिंकलं.
क्षण म्हणाल तर १९९४च्या ओरिजिन मालिकेतला पहिला सामना. पाचेक मिनिटं उरलेली, क्वीन्सलँड ४-१२. एक ट्राय झाला, मग चेंडू या कडेपासून त्या कडेपर्यंत हातोहात फिरला. रेनूफ, हॅनकॉक, लँगर, मेनिंगा, आणि शेवटी मार्क कॉइन लोकांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे. १६-१२. (मालिका मात्र न्यू साउथ वेल्सने नेली. इथे कुणी आठवण काढत नाही.)

हेडिंग्लीकर
सगळं ऑस्ट्रेलियाचंच का? खेळ जन्मला यॉर्कशायरात, १८९५ साली हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात. खाणीतल्या आणि गिरणीतल्या खेळाडूंची बुडालेली मजुरी द्यायची की नाही, यावरून भांडण आणि वेगळी चूल.
माझा खेळाडू लीड्सचा रॉब बरो. उंची जेमतेम १.६५ मीटर. २०११च्या इंग्लंडमधल्या ग्रँड फायनलमध्ये सेंट हेलेन्सच्या धिप्पाड गड्यांच्या काखेखालून सटकून त्याने केलेला ट्राय शोधा. लीड्ससाठी आठ विजेतेपदं. २०१९मध्ये मोटर न्यूरॉनचा, म्हणजे हळूहळू स्नायू निकामी करणारा, आजार निघाला. मे २०२३मध्ये त्याचा जुना कप्तान केव्हिन सिनफील्ड त्याची चाकांची खुर्ची ढकलत अख्खी मॅरेथॉन धावला आणि अंतिम रेषेपाशी त्याला उचलून पलीकडे घेऊन गेला. मी गर्दीत होते. बाजूचे म्हातारे गृहस्थ टोपी काढून नुसते उभे होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये बरो गेला.
अवांतर: लीड्सचाच इक्रम बट १९९५मध्ये इंग्लंडकडून खेळला, तसा तो पहिला आशियाई.

खवचट आजोबा
जिंकणारे पुष्कळ झाले. इंग्लंडमधल्या चॅलेंज कप स्पर्धेचा १९६८चा वेम्बलीवरचा अंतिम सामना बघा, मैदानाचं तळं झालेलं. लीड्स ११, वेकफील्ड ७. शेवटच्या मिनिटाला वेकफील्डचा ट्राय, तेव्हा ट्रायचे ३च असत, म्हणजे १०. वर किक अगदी खांबांसमोर, आपल्या पाषाणकरांनीही मारली असती. डॉन फॉक्सची हुकली. आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून तोच आधी निवडला गेला होता!

कोथरूड ते सिडनी
ऑस्ट्रेलियातली १९९७ची फायनलही घ्या. अँड्र्यू जॉन्सच्या फुफ्फुसाला दुखापत झालेली, तरी शेवटच्या सेकंदांत कडेची रेषा जवळ असलेल्या बाजूने पळून त्याने डॅरेन अल्बर्टला चेंडू दिला, न्यूकॅसल २२-१६. गावातला पोलाद कारखाना बंद होणार ही घोषणा त्याच वर्षीची, त्यामुळे तिथे या सामन्याची गोष्ट अजून सांगतात.

पाषाणकर
काल २०१५ बघितला. चेंडू खांबाला लागला तेव्हा तोंडून मोठ्याने शिवी गेली आणि धाकटी उठून बसली. माई, तुमच्या थर्स्टनपेक्षा मला तो हंटच डोळ्यासमोर येतोय. गुडघ्यात मान घालून बसलेला. पुढे काय झालं त्याचं?

टाऊन्सव्हिलची माई
२०२२चा तिसरा ओरिजिन बघा, लँग पार्कवरचाच. अगदी शेवटी नेथन क्लीअरीची किक अडवून हंट सगळं मैदान मोकळं पळाला, क्वीन्सलँड २२-१२. मालिकाही आमची.

पाषाणकर
मग सोमवारी ऑफिसात हंटचं नाव काढू का? मार नाही ना पडणार?

टाऊन्सव्हिलची माई
बिनधास्त काढा. २०२५मध्ये तो ब्रॉन्कोजकडे परतला आणि त्याच वर्षी त्यांनी फायनल मारली, मेलबर्नवर २६-२२. फक्त २०१५ म्हणू नका.