मॅडलिन मॅककॅन: आईवडिलांवरचा संशय नेमका कशावर उभा आहे?

सातरस्ता
मॅडलिन मॅककॅनचा विषय निघाला की आपल्याकडचीही बरीच माणसं छातीठोकपणे सांगतात, "आईबापांनीच काहीतरी केलंय." ही खात्री मला खुपते, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३ मे २००७. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरचं प्राया दा लुझ. केट आणि जेरी मॅककॅन हे इंग्लंडमधलं डॉक्टर जोडपं तीन मुलांना घेऊन सुट्टीवर आलेलं. मॅडलिनला चार वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस कमी, आणि दोन वर्षांची जुळी भावंडं. मुलं तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये झोपलेली, आईवडील मित्रमंडळींबरोबर त्याच रिसॉर्टमध्ये जेवायला बसलेले. मधून मधून कुणीतरी उठून मुलांना बघून यायचं. रात्री दहाच्या सुमारास केट गेली तेव्हा मॅडलिन जागेवर नव्हती.

सप्टेंबर २००७ मध्ये पोर्तुगीज पोलिसांनी आईवडिलांनाच औपचारिक संशयित ठरवलं. जुलै २००८ मध्ये पुराव्याअभावी तपास बंद झाला आणि त्यांच्यावरचा तो शिक्काही काढला गेला. २०११ पासून लंडनच्या पोलिसांनी 'ऑपरेशन ग्रेंज' या नावानं प्रकरण पुन्हा हाती घेतलं. जून २०२० मध्ये जर्मन तपास यंत्रणेनं त्यांच्याच देशातल्या एका लैंगिक गुन्हेगाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्या गुन्ह्यातली शिक्षा संपवून तो सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर आला, तोवर मॅडलिनच्या प्रकरणात त्याच्यावर आरोपपत्र दाखल झालेलं नव्हतं. म्हणून मीही इथे त्याचं नाव लिहीत नाही.

तीन लहान लेकरांना एकटं झोपवून जेवायला जाणं ही चूकच. पण निष्काळजी आणि खुनी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि लोक ते एका उडीत पार करतात.

विजापूरवेस
उडी वगैरे काही नाही. मुद्दे आहेत, आणि ते तुम्ही धाग्यात घेतलेच नाहीत.
ब्रिटनहून आणलेल्या दोन श्वानांनी, एक प्रेताचा वास ओळखणारा आणि दुसरा रक्ताचा, त्याच फ्लॅटमध्ये इशारा दिला. मुलगी नाहीशी झाल्यावर तीन आठवड्यांनी भाड्यानं घेतलेल्या गाडीतही दिला. गाडीतल्या नमुन्याचा डीएनए जुळल्याच्या बातम्या तेव्हाच आल्या होत्या. पोलिसांनी केटला ४८ प्रश्न विचारले, तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. स्वतःची लेक हरवलेली आई गप्प बसेल का? आणि तपास करणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं पुस्तकात उघड आरोप केले, त्याच्याविरुद्ध हे दांपत्य थेट युरोपियन मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये तिथेही हरलं.

सातरस्ता
विजापूरवेस, एकेक मुद्दा घेऊ.

डीएनएची गोष्ट नीट बघा, कारण सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. बातमी पसरली ती "१९ पैकी १५ खुणा जुळल्या" अशी. बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञानं लिहिलं होतं ते वेगळंच: नमुना किमान तीन माणसांचा मिसळलेला दिसतो आणि त्यातून अर्थपूर्ण निष्कर्ष काढता येत नाही. मुलीच्या अंगातल्या खुणा अर्ध्या आईकडून, अर्ध्या बापाकडून आलेल्या असतात. ती गाडी तिचं कुटुंबच वापरत होतं. तिघांची सरमिसळ असलेल्या नमुन्यात अशा खुणा सापडणं यात नवल काय? पण शास्त्रज्ञाचं वाक्य मागे पडलं आणि आकडा तेवढा राहिला.

श्वानांबद्दल त्यांच्या प्रशिक्षकाचंच म्हणणं होतं की प्रयोगशाळेतल्या पुराव्याची जोड नसेल तर इशाऱ्याला पुरावा म्हणून किंमत नाही. ती जोड मिळालीच नाही.

४८ प्रश्नांच्या वेळी ती औपचारिक संशयित होती, आणि गप्प राहण्याचा हक्क कायद्यानंच तिला दिलेला होता. आपल्या राज्यघटनेच्या कलम २० (३) मध्येही तो आहे. उद्या तुमच्या-माझ्यावर वेळ आली तर वकील पहिल्यांदा हेच सांगेल.

आणि २०२२ चा निकाल पुस्तक लिहिण्याच्या, मत मांडण्याच्या स्वातंत्र्याबद्दल होता. त्या कोर्टानं आईवडिलांना दोषी म्हटलेलं नाही.

निवृत्त_हवालदार
भाऊ, तुमची माहिती बरोबर, पण सूर पटला नाही.
पोर हरवलं की पोलीस पहिल्यांदा घर बघतो. शेवटचं कुणी पाहिलं, घरात भांडण होतं का, पोरगं आधी कधी निघून गेलं होतं का, सावत्र कोणी आहे का. यात आईबापाचा अपमान नाही. आम्ही हे विचारलं नाही आणि नंतर घरातलंच काही निघालं, तर तुम्हीच विचाराल, पोलीस काय झोपले होते का? पोर्तुगीज पोलिसांनी घरच्यांवर संशय घेतला यात मला काही गैर दिसत नाही.
त्यांची खरी चूक पहिल्या रात्रीची. खोली ताबडतोब बंद करायला पाहिजे होती. मित्र, शेजारी, रिसॉर्टची माणसं, सगळी आत-बाहेर करत राहिली. त्या खोलीतून नंतर काय सापडणार? एकदा जागा तुडवली गेली की पुढे कितीही मोठा साहेब येऊ दे.

गड्डा_यात्रा
आई कॅमेऱ्यापुढे रडली नाही, हा मुद्दा अजून कुणी काढला नाही. मी तरी सगळ्यात जास्त हाच ऐकलाय.

सातरस्ता
गड्डा_यात्रा, त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात आहे. १७ ऑगस्ट १९८०, उलुरूच्या पायथ्याशी तंबूतून अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगो म्हणजे तिथला रानकुत्रा तिला घेऊन गेला, असं आई पहिल्यापासून सांगत होती. बाई कोरड्या डोळ्यांनी बोलते, म्हणून अख्खा देश तिच्यावर उठला. गाडीत तान्ह्या बाळाचं रक्त सापडलं असं तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. पुढे निघालं काय, तर ते 'रक्त' म्हणजे गाडीचा आवाज कमी करायला कारखान्यात मारलेला फवारा होता. १९८६ मध्ये मुलीचं जॅकेट सापडलं ते डिंगोंच्या वावराच्या जागी. तेव्हा ती सुटली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि २०१२ मध्ये मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोचं कारण लागलं. बत्तीस वर्षं गेली यात.
दुःखात माणूस कसा दिसावा हे टीव्ही बघणाऱ्यांनी ठरवायचं नसतं, एवढंच मी म्हणतोय.

पूर्वभागची_लेक
मी सातरस्ता यांच्या बाजूनं नाही आणि विजापूरवेस यांच्याही नाही. माझा राग वेगळा आहे.

माझी आई विडी कामगार. सकाळी विड्या द्यायला कारखान्यात जाताना मला नि धाकट्याला घरात ठेवून बाहेरून कडी घालायची आणि शेजारच्या अक्काला हाक मारून जायची. तिथे विड्या तपासून, मोजून घेतात, पान-तंबाखू मिळायला रांग असते, मग परत. तिला पर्याय नव्हता. त्या वेळात आमच्यापैकी एखादं हरवलं असतं, तर "आईच बेजबाबदार" म्हणून गल्लीनं तिला जगू दिलं नसतं. मॅककॅन दांपत्याला पर्याय होता. रिसॉर्टमध्ये रात्री मुलं सांभाळायची सोय होती. तरी तुम्ही "चूकच" एवढं म्हणून पुढे सरकता.

एकट्या 'ऑपरेशन ग्रेंज'वर १ कोटी ३० लाख पौंडांहून जास्त खर्च झालाय. आणि आपल्याकडचं निठारी बघा. २००५-०६ मध्ये नोएडात गरिबांची लेकरं एकामागून एक गायब होत होती. आईबाप चौकीत जायचे आणि "पळून गेली असेल पोरगी" असं ऐकून परत यायचे. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यात हाडं सापडली, तेव्हा सरकार हललं. पुढे तपासात इतकी भोकं निघाली की नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुख्य आरोपीला शेवटच्या खटल्यातूनही सोडलं. त्या लेकरांना कुणी मारलं? यावर आपल्याकडे कोण रात्र-रात्र वाद घालतं?

विजापूरवेस
ताई, शंभर टक्के सहमत. म्हणूनच मी म्हणतो, लोकांनी संशय घेतला पाहिजे, प्रश्न विचारले पाहिजेत. निठारीत लोक गप्प बसले असते तर तेही दाबलं गेलं असतं.

पूर्वभागची_लेक
निठारीतल्या आईबापांनी पोलिसांना प्रश्न विचारले. तुम्ही प्रश्न विचारताय एका आईला. दोन्ही एक नाही.

मंगळवेढेकर
"लोकांनी संशय घेतला पाहिजे" हे वाचून राहवलं नाही.

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. आमच्या मंगळवेढा तालुक्यातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक भिक्षा मागायला तिकडे गेले होते. एका लहान मुलीशी बोलताना कुणीतरी बघितलं, आणि मुलं पळवणारी टोळी आली अशी आवई उठली. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावानं ठार मारलं. पिढ्यान् पिढ्या पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं ती. त्या गावातलं एकही मूल हरवलेलं नव्हतं.

त्या वर्षी देशभर फिरलेला तो व्हिडिओ आठवतो का? मोटारसायकलवरून येऊन पोराला उचलून नेतात, तो. मुळात कराचीत लोकजागृतीसाठी केलेली ती फिल्म. शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो भाग कापून पुढे ढकलला गेला. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. आमच्या तालुक्यातल्या माणसांना त्याचा काय उपयोग झाला?

आणि आपण त्यातून काही शिकलो का? सप्टेंबर २०२२ मध्ये विजापूरहून पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना जत तालुक्यात लवंगा इथं याच संशयावरून झोडपलं.

विजापूरवेस
राईनपाड्याचं समर्थन कोण करतंय? पण टोळ्या नसतातच असंही सांगू नका. कोल्हापूरचं प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, १९९० ते १९९६. चोऱ्यांच्या आडोशाला लहान मुलं पळवून आणायच्या आणि गरज संपली की मारून टाकायच्या. मुलींना फाशी झाली, ती जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं जन्मठेपेवर आणली, कारण दयेच्या अर्जाचा निकाल लावायला सरकारनं वर्षानुवर्षं घालवली. त्या मायलेकींवर बसस्टँडवर कुणी वेळेत संशय घेतला असता, तर काही लेकरं वाचली असती.

मंगळवेढेकर
आणि राईनपाड्याच्या जमावालाही वाटत होतं, आपण लेकरं वाचवतोय. गावित मायलेकींना पोलिसांनी पकडलं, साक्षी झाल्या, वरपर्यंत अपील झालं. आमच्या माणसांना कुणी नावसुद्धा विचारलं नाही.

गड्डा_यात्रा
सोलापूरच्या होम मैदानावर बघितलेली गोष्ट सांगतो. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत एक माणूस तीन-चार वर्षांच्या पोरीला खांद्यावर घेऊन भराभर चालला होता. पोरगी हातपाय झाडत "आई, आई" करून किंचाळत होती. पाळण्यांजवळ दोघांनी त्याला अडवलं, बघता बघता वीसेक जण जमले. कुणीतरी कॉलर धरली. तो सांगतोय, भाची आहे, पाळण्यात बसायचा हट्ट करतेय. ऐकतंय कोण. त्याचं नशीब, एक पोलीसताई तिथे आल्या. त्यांनी पोरीला खाली उतरवलं, गुडघ्यावर बसल्या आणि विचारलं, "हा कोण गं तुझा?" पोरगी रडता रडता म्हणाली, "मामा." तेवढ्यात आई धावत आलीच.

मॅडलिनच्या प्रकरणातही असंच आहे. त्या रात्री सव्वानऊच्या सुमारास मित्रमंडळींतल्या एका बाईनं एका माणसाला मूल हातावर घेऊन जाताना बघितलं. वर्षानुवर्षं जग त्या माणसाचं चित्र घेऊन फिरत होतं. २०१३ मध्ये लंडनच्या पोलिसांनी सांगितलं, तो बहुधा रिसॉर्टच्या पाळणाघरातून स्वतःच्या लेकीला घरी नेणारा बाप होता. सहा वर्षं शोध चुकीच्या माणसामागे, आणि चुकीच्या वेळेभोवती. खरी घटना त्यानंतरही घडलेली असू शकते, इकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

सातरस्ता
गड्डा_यात्रा, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या संशयानं निरपराध माणूस भरडतो, हे एक. त्याचबरोबर मुलीचा शोधही भरकटतो. आईवडिलांवर सगळं लक्ष होतं त्या महिन्यांत परिसरातल्या जुन्या लैंगिक गुन्हेगारांची छाननी किती झाली? जर्मन संशयित त्याच भागात वर्षानुवर्षं राहत होता. तो दोषी आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचं नाव जगापुढे यायला २०२० उजाडलं.

विजापूरवेस
डीएनएबद्दलचं तुमचं म्हणणं ग्राह्य धरतो. श्वान आणि ४८ प्रश्न, यावर माझं मत कायम. हक्क असणं वेगळं, आईनं तो वापरणं वेगळं.

निवृत्त_हवालदार
आता जरा आपल्या सोलापूरचं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं, शेजाऱ्याचं लेकरू दिसेनासं झालं तर २४ तास थांबायचा कुठलाही नियम नाही. सुप्रीम कोर्टानं मे २०१३ मध्येच सांगितलंय, हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. कुणी "संध्याकाळपर्यंत वाट बघा" म्हणालं तर तिथेच थांबून एफआयआर मागा. ११२ ला फोन करा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला करा. स्टेशन आणि एसटी स्टँडवर दोन माणसं लगेच पाठवा, बाकीच्यांनी घराजवळच्या विहिरी, टाक्या, बंद गाड्या बघा. अंगावरचे कपडे, चप्पल, व्रण, आणि पोर घरात कुठल्या नावाला ओ देतं, ते लिहून द्या. फोटो अलीकडचा द्या. आणि पोर सापडलं की ग्रुपवर टाकलेला फोटो आठवणीनं काढायला लावा, तो पुढे कुठेही फिरतो. संशय कुणावर असेल तर ठाण्यात सांगा. ग्रुपवर नाव टाकू नका. नाव पडलं की तो माणूस एकतर पळतो, नाहीतर मार खातो, आणि दोन्हींत आमचा तपास बसतो.

पूर्वभागची_लेक
काका, चार महिन्यांत पोर सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातं, हेही त्याच आदेशात आहे ना? आमच्या भागात हे कुणालाच ठाऊक नाही. इथल्या तेलुगू बोलणाऱ्यांसाठी तुमचा प्रतिसाद तेलुगूत करून विडी कारखान्याच्या दाराशी लावायचा विचार आहे, काही चुकत असेल तर आजच सांगा. मॅककॅन दांपत्याबद्दल मात्र माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

निवृत्त_हवालदार
हो, त्यातच आहे. लावा. खाली आपल्या पोलीस ठाण्याचा नंबर मोठ्या अक्षरात टाका.