मोसम नदीवरील जुना बंधारा दुरुस्त केल्यास फड पद्धत पुन्हा सुरू होऊ शकेल का?

बागलाणकर
आमच्या गावचा दगडी बंधारा गाळाने भरला असून पाटही जागोजागी बुजला आहे. लोकवर्गणीतून दुरुस्ती करावी, असे तरुणांचे म्हणणे आहे. परंतु पूर्वी पाटकरी (पाटाचे पाणी शेतांना वाटून देणारे) राहिलेल्या वडीलधाऱ्यांना नुसत्या बांधकामाने फड, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी सामाईकपणे वाटून शेती करण्याची जुनी रीत, उभा राहील असे वाटत नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ
त्यांची शंका रास्त आहे. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शतकानुशतके चाललेल्या या पद्धतीचा खरा आधार जमिनीची वाटणी हा होता. लाभक्षेत्राचे, म्हणजे बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे, बहुधा चार भाग पाडत; त्या भागांनाही फडच म्हणत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, उसाचा फड आलटून पालटून बदलायचा आणि एका फडाला ओलिताविना विसावा द्यायचा, असा दंडक असे. शेतकऱ्याचा तुकडा सहसा प्रत्येक फडात असल्याने, नदीला पाणी कमी आले आणि एखादा फड भिजवायचा नाही असे पंचांनी ठरवले, की तूट सर्वांच्या वाट्याला येई, कोणा एकाचेच शेत वाळत नसे. एकाच पिकामुळे पाळ्या ठरवणे आणि राखण करणे इतके सोपे होई की मोजक्या पाटकरी-जागल्यांवर सगळे काम निभावत असे. ही वाटणी खातेफोडीत (वारसांत जमीन विभागली जाताना) मोडली असेल, तर बंधारा भरूनही पाण्यावरून तंटेच होतील.

दिंडोरीचा शेतकरी
वरील मताशी सहमत आहे, मात्र निराश होऊ नये. कांदा, डाळिंब आणि विहिरी आल्यावर एका फडात एकच पीक हा नियम परत येणे अवघड आहे. शिवाय मोसमचे पाणी आता वरच्या हरणबारी धरणाच्या आवर्तनांवर (ठरावीक काळाने पाणी सोडण्यावर) अवलंबून आहे. परंतु तूट सर्वांनी सोसायची हे तत्त्व आजही पाळता येते. आमच्या तालुक्यातील वाघाड धरण प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी मोजून पाणी घेऊन ते आपापसात वाटले. याची सुरुवात झाली ओझरला, म्हणजे जिथे पाणी पोहोचतच नव्हते त्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला. तिथे नाल्यांत पाणी सोडून विहिरींचे पुनर्भरण केले आणि विहिरीवाल्यांकडूनही पाणीपट्टी घेतली, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण विहिरीचे पाणीही सामाईकच आहे. राज्याच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने मोजून मिळालेल्या पाण्यावर कोणतेही पीक घेण्याची मुभा अशा संस्थांना दिली आहे.

बागलाणकर
मनःपूर्वक आभार. वर्गणी गोळा करण्याआधी जुन्या पाटकऱ्यांना सोबत घेऊन पाट, चाऱ्या आणि सांडव्याच्या जागा नकाशावर उतरवून घेऊ आणि तूट कशी वाटायची याचा ठराव ग्रामसभेत मांडू. विहिरी असलेल्यांची संमती मिळवणे सर्वांत कठीण जाईल, असे दिसते.

पांझराकाठ
मग त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. बंधाऱ्यात पाणी साठले की सर्वांत आधी त्यांच्याच विहिरींची पातळी वाढते, हे त्यांना पटवून द्यावे.