जुनी डायना ४८ एअर रायफल (.१७७ कॅलिबर): वजनदार छर्रे की मऊ स्प्रिंग?

टेक्सासला असतो. जुनी साइडलिव्हर (बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची) डायना ४८ आहे. ८.४४ ग्रेन वजनाचा जेएसबी कंपनीचा छर्रा सेकंदाला हजार फुटांच्या आसपास जातो, पण २५ यार्डांवर ग्रुप (छिद्रांचा पसारा) दोन इंचांच्या आत येत नाही. हलके मिश्रधातूचे छर्रे तर कुठेही जातात (आवाज मात्र फटाक्यासारखा!). स्टॉकचे स्क्रू घट्ट केले, बॅरल साफ केली, स्कोप बदलून पाहिला, पकडही सैल ठेवली. पिस्टनचे सील नवीन आहे, धूर येत नाही (म्हणजे आत तेल जळत नाही). झाडल्यावर स्प्रिंग मात्र झणझणते. शिकार नाही, फक्त कागदी टार्गेट. स्प्रिंग कंप्रेसर आहे, लेथ नाही. आधी १०.३४ ग्रेनचे छर्रे वापरून पाहू, की घट्ट बसणारा स्प्रिंग गाइड (स्प्रिंगच्या आतला दांडा) आणि कमी ताकदीची स्प्रिंग टाकू?