मदत हवी आहे: मुलांच्या ब्रेन ट्यूमरचं मॉडेल ९६ टक्के म्हणतंय, पण विश्वास बसेना

कुंदाप्रेमी:
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, एम.टेक.चं शेवटचं वर्ष. लॅबमध्ये कन्नड नि इंग्रजी चालतं, पण अडलं की डोकं मराठीतच चालतं, म्हणून इथं विचारालोय.

लहान मेंदूजवळच्या तीन गाठी एमआरआयवरून ओळखायच्या आहेत: मेड्युलोब्लास्टोमा, पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, एपेंडिमोमा. नावं काढलेले ६१ मुलांचे स्कॅन मिळालेत. प्रत्येकाचे गाठ दिसणारे वीसेक स्लाइस (स्कॅनमधले एकेक आडवे काप) काढले, सगळे पत्त्यांसारखे पिसले, ८० टक्के शिकवायला, २० तपासायला. रेझनेटनं (चित्रं ओळखायला शिकणारं एआय मॉडेल) ९६ टक्के बरोबर ओळखले. सर खूश.

मग दुसऱ्या सेंटरच्या ११ मुलांचे स्कॅन घातले. बरोबर आले ४. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तेवढे येतात ओ! ग्रॅड-कॅम (मॉडेल चित्रात कुठं बघतंय ते रंगवून दाखवणारी पद्धत) लावून बघितलं, तर लाल डाग गाठीवर नाहीच, उजवी बाजू दाखवणाऱ्या कोपऱ्यातल्या 'आर' अक्षरावर. सर म्हणतात ९६ लिही नि मोकळा हो. माझ्या घशाखाली उतरेना. मोठ्यांच्या ग्लायोमाच्या (मेंदूतल्या आधार-पेशींच्या गाठी) डेटावर आधी शिकवून घेऊ का?

निपाणीकर:
मी रेडिओलॉजीवाली, कोडिंग कामापुरतं. घोळ पिसण्यात आहे. एकाच पोराचे शेजारचे स्लाइस म्हणजे जुळी भावंडं. काही शिकवायला गेली, काही तपासायला. मॉडेलनं गाठ नाही, पोर ओळखलं. वाटणी पोरागणिक कर. अक्षरं, कवटी सगळं कापून टाक.

मोठ्यांचे ग्लायोमा बहुतेक मोठ्या मेंदूत. तुझ्या गाठी खाली, चौथ्या व्हेंट्रिकलपाशी (लहान मेंदूपुढची पाण्याची पोकळी). शिवाय वर्षभराच्या बाळाचं मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) अजून पुरतं झालेलं नसतं, टी-१, टी-२ (एमआरआयच्या दोन तऱ्हेच्या प्रतिमा) वेगळेच दिसतात. ब्रॅट्सनं (ब्रेन ट्यूमरच्या स्कॅनवरची जागतिक स्पर्धा) २०२३ मध्ये मुलांचा वेगळा डेटा आणला, पण तो हाय-ग्रेड (झपाट्यानं वाढणाऱ्या) ग्लायोमांचा. गाठीची हद्द आखायला शिकवण्यापुरता घे.

त्याआधी डिफ्यूजनचा (पाण्याची हालचाल टिपणारा एमआरआय) एडीसी मॅप उघड; एडीसी म्हणजे पाणी किती मोकळं हलतंय त्याचा आकडा. मेड्युलोब्लास्टोमात पेशी खच्चून भरलेल्या, पाण्याला हलायला जागा नाही, म्हणून एडीसी खाली. पायलोसायटिकमध्ये उलट, चांगला वर. एपेंडिमोमा बहुधा मधे लोंबकळतो. वाचताना आम्ही आधी तेच बघतो. हा एकच आकडा घेऊन साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (आकड्यावरून गट ठरवणारी जुनी, सोपी पद्धत) चालव. रेझनेट त्याच्या पुढं जात नसेल, तर रेझनेट कशाला?

कुंदाप्रेमी:
मॅडम, पोरागणिक वाटणी केली. ९६ चे ६४ झाले! नुसत्या एडीसीवर ७५. सोमवारी सरांना दाखवतो, मग बघू काय म्हणतात.

पण १७ मुलांच्या स्कॅनमध्ये डिफ्यूजनच नाही. म्हणजे ७५ फक्त ४४ मुलांवरचा. ६४ पण त्याच ४४ जणांवर परत काढायला पाहिजे ना? आणि ती १७ जुन्या मशीनवरची, त्यातली १२ मेड्युलोब्लास्टोमाची. वगळली तर नवाच घोळ होईल का?