शब्दचर्चा: तेलातला डांबरी भाग गोठतो, थिजतो की फाटतो?

गिरगावची शिक्षिका
अकरावी-बारावीच्या मुलांसाठी खनिज तेलावर टिपण लिहिते आहे. त्यात वाक्य होतं, ‘जड कच्च्या तेलात हेप्टेन ओतलं की ॲस्फाल्टीन गोठतात.’ (हेप्टेन म्हणजे पेट्रोलसारखं पातळ द्रव, ॲस्फाल्टीन म्हणजे तेलातला सगळ्यात जड, काळा भाग.) माहुलच्या रिफायनरीत नोकरी केलेल्या मामांनी ‘गोठतात’वर लाल रेघ मारून ‘अवक्षेपित होतात’ असं लिहून दिलं. पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, चूक नाही. पण मुलं तो नुसता पाठ करतील, डोळ्यांसमोर काही उभं राहणार नाही. गोठणे, थिजणे, साकळणे, फाटणे एवढे शब्द आपल्याकडे असताना एकही चालू नये?

चेंबूरकर
ताई, मामांची रेघ योग्य आहे. मीही प्रयोगशाळेत तेलं तपासण्यात बरीच वर्षं काढली. गोठणे आणि थिजणे हे थंडीचे शब्द. खोबरेल डिसेंबरात थिजतं, बाटली उन्हात ठेवली की पातळ होतं. मुंबई हायचं तेल हलकं, पण त्यात मेण भरपूर. ते मेण असंच थिजतं आणि ऊब मिळाली की वाहू लागतं. ॲस्फाल्टीनला ऊब देऊन उपयोग नाही.

तपासणीची रीतच बघा. १ ग्रॅम तेलाला ३० मिलिलिटर हेप्टेन घालून तासभर उकळायचं. मग दीड-दोन तास अंधारात ठेवून गाळायचं. गाळणकागदावरच्या काळ्या गाळात मेणही अडकलेलं असतं, म्हणून तो गरम हेप्टेनने धुवायचा. मेण निघून जातं, ॲस्फाल्टीन हलत नाहीत. मग गरम टोल्युइन (बेंझीनच्या जातीचं द्रव) सोडलं की तेही विरघळून खाली उतरतात. टोल्युइन उडवून टाकायचं आणि जे काळं उरतं त्याचं वजन करायचं. थिजलेलं कोणतं आणि न विरघळलेलं कोणतं, हे त्या एका गाळणकागदावर वेगळं होतं. ‘थिजणे’ मेणासाठी राखून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

दादरकर
अवक्षेपाला मराठीत ‘साका’ हा जुना, चांगला शब्द आहे. ‘काळा साका खाली बसतो’ असं लिहा. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना खाली साका बसतो आणि वर निवळ राहते, हे मुलांनी घरी पाहिलेलं असतं.

चेंबूरकर
साका मान्य. कुरडयांचा दाखला मात्र थोडा अडचणीचा वाटतो. गव्हाचा चीक पाण्यात विरघळलेला नसतोच, तो निवांत ठेवला की आपोआप बसतो. इथे नवं काही ओतल्याशिवाय साका तयार होत नाही. तेलातले राळेसारखे चिकट घटक आणि सुगंधी, म्हणजे बेंझीनसारखी कड्यांची, हायड्रोकार्बनं ॲस्फाल्टीनना धरून ठेवतात. हेप्टेनसारखं कार्बनच्या साध्या साखळीचं द्रव ओतलं की तो आधार पातळ होतो, ॲस्फाल्टीनचे कण एकमेकांना चिकटतात आणि खाली येतात.

दर्यावर्दी
म्हणूनच मी ‘फाटणे’च्या बाजूचा. दुधात लिंबू पडलं की दूध फाटतं, कारण बाहेरून काहीतरी आलं. मी इंजिनरूमवाला. २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकावर ०.५० टक्क्यांची मर्यादा आली आणि मेणाच्या जातीची इंधनं जास्त मिळू लागली. एका फेरीत तसलं नवं तेल टाकीतल्या जुन्या जड तेलात मिसळलं गेलं. दोन्ही तेलं आपापल्या जागी उत्तम होती. मिसळल्यावर फिल्टर चोक, प्युरिफायरमध्ये (इंधन गरगर फिरवून साफ करणाऱ्या यंत्रात) चिखलासारखा स्लज. आम्ही तेल आणखी तापवून पाहिलं, स्लज तसाच. तापवून भागेल असं वाटणं, हीच चूक ‘गोठलं’ या शब्दाने होते. ‘तेल फाटलं’ म्हटलं असतं तर काय मिसळलं ते आधी शोधलं असतं.

दादरकर
पण फाटलेलं दूध परत दूध होत नाही. साका टोल्युइनमध्ये परत विरघळतो, असं वर चेंबूरकरांनीच लिहिलंय.

चेंबूरकर
हो. घटनेला ‘तेल फाटलं’, पदार्थाला ‘साका’. दोन्ही ठेवले तर बिघडत नाही.

आणखी एक शब्द मला खुपतो, ‘द्रावक’. माहुलला एचपीसीएलच्या वंगणतेलाच्या कामात दाबाखाली द्रवरूप ठेवलेला प्रोपेन वापरतात. तो तेल आपल्यात सामावून घेतो आणि डांबर बाहेर टाकतो. याला नुसतं द्रावक म्हटलं की मुलं विचारणारच, मग विरघळलं का नाही? कोणाचा द्रावक, ते प्रत्येक वेळी लिहायला हवं. शिवाय ओतलेल्या द्रवाची साखळी जितकी आखूड, तितका साका जास्त. एकाच तेलातून पाच कार्बनचा पेंटेन सात कार्बनच्या हेप्टेनपेक्षा जास्त साका पाडतो. त्यामुळे ‘ॲस्फाल्टीन’ हे एका पदार्थाचं नाव नाही, कोणत्या द्रवात उरलं त्यावरून ठरलेलं नाव आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८३७ मध्ये हा शब्द काढला तेव्हाही ओळख अशीच होती: अल्कोहोलमध्ये न विरघळणारं, टर्पेंटाइनमध्ये विरघळणारं.

दर्यावर्दी
मग ॲस्फाल्टीनला ‘डांबर’ म्हणू नका, ताई. डांबर आपण रस्त्यावरच्या बिट्युमेनलाही म्हणतो आणि दगडी कोळशाच्या टारलाही. डांबरगोळीतलं नॅप्थलीन त्या दुसऱ्या डांबरातून आलं.

गिरगावची शिक्षिका
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलं आहे: ‘जड कच्च्या तेलात भरपूर हेप्टेन ओतलं की तेल फाटतं. तेलाचा बराचसा भाग हेप्टेनमध्ये विरघळून राहतो, ॲस्फाल्टीनचा काळा साका खाली बसतो. हा साका तापवून जात नाही, टोल्युइनमध्ये मात्र विरघळतो.’ ‘अवक्षेप’ परीक्षेसाठी शेजारी ठेवला आहे. वर राहणाऱ्या भागाला, ज्याला माल्टीन म्हणतात, ‘निवळ’ म्हणावं असं मनात आहे. पण तो भाग चांगलाच तपकिरी असतो असं मामा म्हणतात. अशा गडद द्रवाला ‘निवळ’ म्हणता येईल का?