मुंजीचं रीळ आणि चाळीचा नळ

बी-३०२: मंडळी, ट्रंकेत बाबांची सुपर एटची, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या फिल्मची, सात रिळं सापडली, डबा उघडला तर व्हिनेगरचा भपकारा, फिल्म खराब व्हायला लागली की असाच वास येतो म्हणे, म्हणून घाईघाईने डिजिटल करून घेतली. पहिलं टाकतेय. दादाची मुंज, १९७४, आपली जुनी चाळ. आवाज नाही हं, रीळ मुकं आहे.

ए-१०४: अगं मुंज राहूदे, ०:४८ ला मागे बघ!! नळावर कळशी ठेवून नंबर लावलाय ना, ती चेपलेली, ती आमची!

सी-२०१ काका: आमचं दार हिरवं होतं हे साफ विसरलो होतो.

ए-५०३: काकू, मी तर नवीन, मला यात एकही माणूस ओळखू येत नाही तरी चार वेळा बघितलं. आमच्या लग्नाचा ड्रोनवाला व्हिडिओ आम्ही दोघांनी मिळून एकदा बघितला असेल 😅

बी-३०२: अरे तेव्हा एक रीळ म्हणजे फक्त ३ मिनिटं २० सेकंद, आणि महाग, त्यामुळे बाबा एकाच रिळात मुंज, गणपती, फराळ सगळं कोंबायचे. भटजींना सहा सेकंद दिलेत. मग नळावर अकरा सेकंद का घालवले ते त्यांनाच ठाऊक.

सी-२०१ काका: १८९५ ला लुमिएर बंधूंनी घरच्याच बाळाला भरवतानाची फिल्म काढली, तर लोक म्हणे बाळापेक्षा मागे हलणारी झाडाची पानंच बघत बसले. आपलंही तेच चाललंय.

सेक्रेटरी: उद्या १० ते २ टाकी सफाई, पाणी बंद. व्हिडिओच्या गडबडीत मेसेज वर जायला नको म्हणून परत टाकतोय. आणि १:३२ ला कठड्यावर लोंबकळणारा चड्डीवाला मी आहे, स्क्रीनशॉट काढू नयेत.

ए-१०४: 🤣🤣 काढला

बी-३०२: सगळ्यांना एक विचारायचंय. २:१० ला आमची आजी स्वयंपाकघरातून तरातरा येते, कॅमेऱ्यावर हात धरते आणि काहीतरी बोलते. आम्ही घरी दहा वेळा तिचे ओठ बघितले. दादा म्हणतो "पुरे आता", मला वाटतं "जेवायला चला".

ए-००२ आजी: नातू टाइप करतोय. ती म्हणतेय मेल्या दूध उतू गेलं. मी आतच होते, ओटा मीच पुसला.