एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह: मग डेंग्यू की नाही?

डिचोलीकर: भावाला ताप येऊन आठवडा झाला, रक्त कालच तपासलं. मी बीएस्सी मायक्रोला आहे, पण आईला नीट समजावता येईना.

फोंड्याची लॅबवाली: बहुधा डेंग्यूच. एनएस१ हे विषाणूचं स्वतःचं प्रथिन. ते पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं आणि आठवडाभरात ओसरतं. आयजीएम म्हणजे विषाणूशी लढायला आपलं शरीर बनवतं ती अँटीबॉडी, त्याला ४-५ दिवस लागतात. रक्त उशिरा दिलं की हेच चित्र दिसतं. फक्त एक, आयजीएम दोन-तीन महिने टिकू शकतं, म्हणून मागे कधी ताप आला होता का, हे डॉक्टरांना जरूर सांग.

डिचोलीकर: आरटी-पीसीआर करू का?

फोंड्याची लॅबवाली: आता उपयोग कमी. ती चाचणी विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) शोधते, आणि तो पहिल्या पाचेक दिवसांतच चांगला मिळतो. तेव्हा केली असती तर डेंग्यूच्या विषाणूच्या चारपैकी कोणता प्रकार, तेही कळलं असतं. पण बाबा, उपचार त्यावर ठरत नाहीत.

म्हापशेकर: ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका! धोका तेव्हाच असतो. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच इस्पितळात न्या. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको.